शनिवारचा ऐकायचा सिनेमा

मोशीच्या नवदीप सोसायटीत दर शनिवारी चार ते पाच मराठीचा वर्ग चालतो, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना तो कधीच बंद पडलाय असं वाटत होतं. वर्ग चालवणारे ज्योतीराम ओव्हाळ यांचं मत या दोन्हींच्या मधोमध कुठंतरी होतं. जूनमध्ये चौदा मुलं होती. दिवाळीनंतर पाच राहिली, आणि त्यातला सिद्धेश केवळ हॉलमध्ये एसी आहे म्हणून यायचा. तसं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगा प्रामाणिक होता.

ज्योतीराम एकोणसत्तर वर्षांचे. नोकरी सगळी भोसरीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. स्टोअर म्हणजे कारखान्यातली सर्वांत शांत जागा. माणसं खिडकीशी येत, चिठ्ठी सरकवत, हे चिठ्ठीप्रमाणे माल देत आणि काउंटरखालचं पुस्तक पुन्हा उघडत. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की त्यांचा घसा बसे. निवृत्तीच्या सत्कारात ते 'आभारी आहे' एवढंच बोलले होते, आणि तेही माइक चालू होण्याआधी. अशा माणसानं इंग्रजी माध्यमातल्या पोरांना मराठी शिकवायला घ्यावं, याचं आश्चर्य सगळ्यात जास्त त्यांचं त्यांनाच वाटत होतं. पण शनिवारी चार ते पाच या एका तासात पाच जणं त्यांच्याकडे तोंड करून बसत असत. बाकीच्या आठवड्यात हे कुठंच घडत नव्हतं.

त्यामुळे लिफ्टशेजारच्या फळ्यावर कमिटीची सूचना लागली तेव्हा ते तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. 'एक डिसेंबरपासून शनिवारी चार ते पाच हॉल स्वप्नाली मॅडमच्या झुंबा वर्गासाठी देण्याचा विचार आहे. मराठी वर्गाचा उपयोग होत असल्याचे दिसून आल्यास फेरविचार करण्यात येईल.' उपयोग होतोय हे आपल्यालाच अजून दिसून आलेलं नाही, तर कमिटीला काय दिसणार, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि मनाशीच पुटपुटले, 'नाचा म्हणावं. भाषा नसली तरी चालेल, कंबर हलली पाहिजे.'

"हलू दे की," ओट्याशी भाकरी थापता थापता मधूनच वळून बघणाऱ्या कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

ज्योतीराम दचकले. त्यांच्या तोंडून आवाज फुटला नव्हता, याबद्दल त्यांची खात्री होती. पण हे नेहमीचंच होतं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आणि बाईंना यांच्या मनातलं सगळं ऐकू येई. बाहेर बोललेलं मात्र अजिबात नाही. पेपर वाचता वाचता यांनी चांगल्या खणखणीत आवाजात "आज भाजी काय आहे?" असं विचारलं, तर पेपरपलीकडून तीनदा "काय?" येई. 'आमच्या घरात मनात बोललेलं ऐकू जातं, तोंडानं बोललेलं नाही,' असं ते वाचनालयातल्या मित्राला सांगत. बायको आपलं ऐकत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती, आणि तीही ते पेपरआडूनच करत.

त्याच वाचनालयात, पिंपरीला, एका शैक्षणिक मासिकात त्यांना तो लेख सापडला. भाषेच्या तासाला सिनेमा वापरावा, त्यानं मुलं लक्ष देऊन ऐकायला आणि विचार करायला शिकतात, असं त्यात सोदाहरण सांगितलं होतं. आधी पडदा झाकून नुसतं ऐकवावं. काय चाललं असेल ते मुलांनी ओळखावं. मग आवाज बंद करून नुसतं दाखवावं. कोण काय बोललं असेल ते मुलांनी सांगावं. मग दोन्ही एकत्र. ज्योतीरामांनी लेख तीनदा वाचला, हातानं उतरवून घेतला, आणि बसस्टॉपवर त्यांना आयुष्यात क्वचित येणारी एक भावना स्पर्शून गेली. तिला बहुधा आत्मविश्वास म्हणतात.

सिनेमाही ठरला. तरुणपणी पाहिलेला एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा, आता कुणाला नावही आठवत नाही असा. त्यातला बारा मिनिटांचा तुकडा भाच्याकडून पेनड्राइव्हवर घेतला. गावातला कंपाउंडर, त्याची मुलगी शहरात नर्सिंग शिकायला निघालेली. आदल्या दिवशीची घरातली बांधाबांध, आत्याची रडारड, आणि शेवटी एसटी स्टँड. गाडी सुरू होते, इंजिनाचा प्रचंड आवाज, आणि खिडकीबरोबर चालत चालत बाप मुलीला काहीतरी म्हणतो. काय म्हणतो ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही. मुलगी डोळे पुसता पुसता हसते. ते वाक्य कोणतं असेल, हा प्रश्न ज्योतीरामांच्या मनात चाळीस वर्षं होता.

आता परवानगी. नुसत्या वर्गाला फॉर्म लागत नसे, पण हॉलमधला टीव्ही वापरायचा तर फॉर्म भरावा लागे. सेक्रेटरी होते अण्णासाहेब. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत त्यांनी तपासणी खात्यात नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतर तपासणी तेवढी घरी आणली होती. खिशात एक लाल पेन, एक हिरवं. सोसायटीतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी ओके तरी असे किंवा रिजेक्ट तरी.

"मुलं सिनेमा बघून काय शिकणार, ओव्हाळसाहेब?"

"बघणार नाहीत. ऐकणार आहेत."

"मग टीव्ही कशाला? रेडिओ लावा."

"पुढच्या शनिवारी बघणार आहेत."

"आवाजासकट?"

"आवाज बंद करून."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. "अहो, एकदा पूर्ण माल द्या ना पोरांना. असा सुटा सुटा का?"

ज्योतीरामांनी लेख पुढे केला. अण्णासाहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की उपयोग मोजता आला पाहिजे. आधीचं माप, नंतरचं माप. तिसऱ्या शनिवारी कमिटी येईल, प्रश्न विचारेल, आणि त्यासाठी प्रश्नपत्रिका उत्तरांसह आधी द्यायची. ज्योतीरामांनी ती तिथंच बसून लिहून दिली. सहावा प्रश्न होता, 'वडील मुलीला काय म्हणाले असतील?' त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'उत्तरे विविध असू शकतात.'

अण्णासाहेबांचं लाल पेन बाहेर आलं. "हे चालणार नाही. ड्रॉइंगवर 'माप विविध असू शकते' असं लिहिलं असतं तर एका तरी गाडीला दार बसलं असतं का? तिसऱ्या शनिवारपर्यंत एक उत्तर द्या."

उरला फॉर्म. त्यात हॉल कशासाठी हवा यापुढे चारच चौकोन होते: वाढदिवस, बारसं, साखरपुडा, शोकसभा. 'इतर'चा चौकोन मागच्या वर्षी कुणीतरी गैरवापर केल्यामुळे सर्वसाधारण सभेनं रद्द केला होता. वाढदिवस म्हटलं तर केकसाठीची अट, बारसं म्हटलं तर बाळाचं नाव. शेवटी अण्णासाहेबांनीच तोडगा काढला. "शोकसभेला काही अटी नाहीत. तिथं टिक करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे." अर्जदाराचे नाव या रकान्यात ज्योतीरामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ज्योतीराम ओव्हाळ'.

पहिला शनिवार. ज्योतीरामांनी घरची पलंगावरची चादर टीव्हीवर टाकली, चारी टोकं नीट खोचली आणि सिनेमा लावला. पाच मुलं आणि एक चादर. चादरीमागून बापाचा आवाज आला, "डबा घेतलास?" "घेतला." "आणि छत्री?" "बाबा, डिसेंबर आहे!" "असू दे. छत्रीला काय महिने कळतात?"

मुलं हसली. पाच जणं एकाच वेळी एकाच गोष्टीला हसली, असं या वर्गात प्रथमच झालं. ज्योतीराम फळ्याकडे वळून स्वतःशीच हसले.

तेवढ्यात दार उघडलं. नवदीप सोसायटीत तीन विंगा, आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन आणि एक मेंटेनन्सचा माणूस राहतो. बिघडलेली वस्तू दिसली आणि हात लावला नाही, असं यांच्यातल्या कुणाच्या हातून होत नाही. पहिल्या शिफ्टच्या बसमधून उतरलेला संघर्ष काचेतून आत बघत होता. हा लातूरकडचा, चाकणला मेंटेनन्सला, मनानं फार चांगला.

"काका, टीव्ही बंद पडला व्हय?"

"नाही, चालू आहे. मीच झाकलाय."

"पॅनल गेलं असंल. चादर टाकून काय हुतंय, काका? सांगायचं ना!" आणि त्यानं चादर ओढली. मुलांना बाप दिसला, मुलगी दिसली, घर दिसलं. जे ओळखायचं होतं ते सगळं दिसलं. ज्योतीरामांनी धीर करून चादर पुन्हा टाकली. पाच मिनिटांनी दुसऱ्या विंगेतला एक इलेक्ट्रिशियन आला, त्यानं पुन्हा काढली. तिसरा आला तो स्टूल आणि टेस्टर घेऊनच. प्रत्येकाला ज्योतीराम सांगत होते की हे मुद्दाम आहे, आणि प्रत्येक जण त्यांच्याकडे, आपल्या चुकीचं खापर कुणावर फोडावं हे न कळलेल्या म्हाताऱ्याकडे पाहावं तसं पाहत होता.

त्या गडबडीतही शेवटचा एसटीचा आवाज मात्र चादरीतूनच ऐकला गेला. सिद्धेश म्हणाला ही कंपनीची बस आहे. तनुजा नावाची अकरा वर्षांची मुलगी डोळे बारीक करून ऐकत होती. ती म्हणाली, "नाही. कंपनीच्या बसमध्ये कोणी रडत नाही. झोपतात." ज्योतीरामांनी ते वहीत लिहून घेतलं.

आठवडाभर सल्ले आले. कुणी म्हणालं नवा टीव्ही मागा. कुणी म्हणालं सिनेमा दाखवायचाच नसेल तर मुलांना बागेत न्या. स्वप्नाली मॅडम पायऱ्यांवर भेटल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "काका, आमच्या झुंबात पण आवाज आणि चित्र दोन्ही एकदम असतं हं!" ज्योतीराम मान हलवून वर निघाले. घराच्या दारात पोचल्यावर त्यांना उत्तर सुचलं, पण ते सांगायला पुन्हा खाली जाणं बरं दिसलं नसतं.

दुसरा शनिवार. आता चित्र, पण आवाज नाही. मुलं नऊ झाली होती, कारण चादरीची बातमी शाळेच्या बसमध्ये पसरली होती. ज्योतीरामांनी आवाज शून्यावर आणला, नुसतं चित्र लावलं, आणि नऊ मुलं टक लावून बघू लागली.

ते फळ्यावर प्रश्न लिहीत असताना संघर्ष मागच्या दारानं आत आला. टीव्हीतून आवाज येत नाही, काका पाठमोरे, पोरं गप्प. मागच्या वेळी आपण काकांना ओशाळवाणं केलं याचं त्याला वाईट वाटत होतंच, म्हणून या वेळी त्यांना त्रास न देता गुपचूप दुरुस्ती करावी असं त्यानं ठरवलं. कपाटात सोसायटीचा अॅम्प्लिफायर होता, ज्यावरून पाणी जाणार असल्याची घोषणा होते. संघर्षनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाची वाट बदलली, वायर अॅम्प्लिफायरला जोडली आणि बटण फिरवलं. हॉलमध्ये आवाज आला नाही. त्यानं आणखी फिरवलं. तरी नाही. शेवटपर्यंत फिरवलं, हताश झाला आणि हात पुसत निघून गेला. त्या अॅम्प्लिफायरचे कर्णे हॉलमध्ये नव्हते. ते पार्किंगमध्ये, गेटवर आणि तिन्ही जिन्यांत होते.

हॉलच्या काचा बंद, एसी चालू. आत मुलं शांतपणे आत्याचे हलणारे ओठ बघत होती. बाहेर, अख्ख्या सोसायटीत, आत्या हंबरडा फोडत होती.

लोक गॅलऱ्यांत आले. कुणीतरी गेटवर फोन केला, हे काय चाललंय? वॉचमननं रजिस्टर उघडलं आणि वाचून दाखवलं, "हॉलमध्ये शोकसभा हाय. ज्योतीराम ओव्हाळ."

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते ज्योतीरामांना नंतर कुणीकुणी सांगितलं, कारण ते स्वतः आत, आयुष्यातला सर्वांत यशस्वी तास घेत होते. तनुजा म्हणत होती की आत्या रडतेय पण तिचं लक्ष लाडवांच्या डब्याकडे आहे, म्हणजे तिला पोरीबरोबर डबा जाण्याचंही दुःख आहे. या निरीक्षणावर ज्योतीराम इतके खूश झाले की त्यांनी चक्क मोठ्यानं "शाब्बास!" म्हटलं. आणि दार उघडून पंचवीस-तीस माणसं पांढऱ्या शर्टांत, माना खाली घालून, आत येऊ लागली. सर्वांत पुढे हार घेतलेले एक गृहस्थ होते. ज्योतीरामांनी वाट करून दिली. त्यांना वाटलं, पालक आले.

"फार अचानक झालं," एक जण दुसऱ्याला म्हणाला.

"सकाळीच दुधाच्या रांगेत दिसले होते."

"बोलायचे नाहीत फारसे. पण कधी कुणाला त्रास नाही."

"नाव काय होतं म्हणालात?"

ज्योतीरामही मान खाली घालून ऐकत होते. कुणीतरी सज्जन माणूस गेलेला दिसतोय, असं त्यांना वाटलं. हार घेतलेल्या गृहस्थांनी त्यांनाच विचारलं, "फोटो कुठं ठेवलाय?" मग वर पाहिलं. हार हातातून सुटला. मागची एक बाई किंचाळली. सिद्धेश उठून म्हणाला, "सर, तुम्ही डेड आहात का?"

"अजून नाही," ज्योतीराम म्हणाले. एवढ्या माणसांसमोर त्यांनी घसा न बसता उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

सगळ्यात मानहानीची गोष्ट निराळीच होती. खुलासा झाल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकण्याऐवजी, शनिवारची झोप मोडली म्हणून कुरकुरत परतले. मेल्यावर जी दहा मिनिटं प्रतिष्ठा लाभली होती, ती जिवंत निघाल्यामुळे गेली. घरी कस्तुराबाईंनी यांना नखशिखांत बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मला चौघी सांगायला आल्या. मी म्हटलं, आत्ता तर चहा पिऊन गेलेत, कप अजून गरम आहे." यावर ज्योतीराम खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुला काळजी म्हणून वाटली नाही." कस्तुराबाई म्हणाल्या, "काय?"

सोमवारी फळ्यावर अण्णासाहेबांच्या सहीनं नवी सूचना लागली. 'शनिवारी चार ते पाच या वेळेत हॉलमधील टीव्हीचे चित्र किंवा आवाज बंद असल्यास तो बिघाड समजू नये. कोणीही दुरुस्ती करू नये. हात लावल्यास दंड.' शेवटची ओळ लाल पेनानं अधोरेखित केली होती. अॅम्प्लिफायरची वायर त्यांनी स्वतः काढली आणि कपाटाला कुलूप घातलं. टीव्हीच्या सेटिंगकडे बघायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तिसरा शनिवार. पंधरा मुलं. मागे पालक, कमिटी, आणि आधीच्या शनिवारी मेलेला माणूस कसा शिकवतो हे बघायला आलेले पुष्कळ लोक. पाचची झुंबाची नमुना बॅच असल्यामुळे स्वप्नाली मॅडम आणि त्यांच्या बायकाही बूट घालून तयार बसलेल्या. मांडीवर प्रश्नपत्रिका आणि हातात दोन्ही पेनं घेऊन अण्णासाहेब पहिल्या रांगेत. सहाव्या प्रश्नापुढे अजून उत्तर नव्हतं.

ज्योतीरामांनी ठरवल्याप्रमाणे आज दोन्ही लावलं, चित्र आणि आवाज. चित्र आलं. आवाज आला नाही. त्यांनी रिमोट दाबला, रिमोट आपटला, पेनड्राइव्ह काढून फुंकर मारून घातला. बापाचे ओठ हलत होते आणि हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आवाज येत नाहीये," ज्योतीराम म्हणाले.

सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

"खरंच येत नाहीये. बिघडलाय."

"चालू द्या, चालू द्या," मागून कोणीतरी म्हणालं. "आता आम्हाला पद्धत कळलीय."

ज्योतीरामांनी संघर्षकडे पाहिलं. त्या खोलीत किमान वीस माणसं अशी होती, जी कंपनीत बंद पडलेली अख्खी लाइन अर्ध्या तासात उभी करत. "संघर्ष, बाबा, जरा बघ ना."

संघर्षनं दोन्ही हात मागे बांधले. "नको काका. मागच्या टायमाला लई बोलणी खाल्ली. मला कळतंय की ओ आता, हे मुद्दाम हाय."

तेव्हा ज्योतीरामांना जाणवलं की संपलं. पुढच्या शनिवारपासून इथं कंबरा हलतील, आणि त्यात कुणाचीच चूक नसेल. ते खुर्चीत बसणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"डबा घेतलास? आणि छत्री?"

कस्तुराबाई. ज्योतीरामांचा घरी राहिलेला चष्मा घेऊन त्या आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहून टीव्हीकडे बघत होत्या. पडद्यावर बापाचे ओठ हलले तसं त्या सहज, भाजीवालीशी बोलावं तशा बोलत होत्या. "असू दे. छत्रीला काय महिने कळतात?"

"आजी, बरोबर!" सिद्धेश उठून उभाच राहिला. "हेच होतं! पहिल्या शनिवारी चादरीतून हेच ऐकलेलं!"

"सेम टू सेम," तनुजा म्हणाली. मग पहिल्या दिवशीची पाचही मुलं पुढचं वाक्य आधी म्हणू लागली आणि कस्तुराबाई नंतर, आणि दोन्ही जुळत होतं. दोन आठवड्यांपूर्वी एकदाच, तेही तीन फिटरांच्या गोंधळात ऐकलेलं. अण्णासाहेब वाकून टीव्हीच्या मागे काही आहे का बघून आले.

"वहिनी, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय?"

"कुठला पाहते? त्यांचे ओठ दिसतायत की."

"ओठ?"

"अहो, सव्वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली मी, भोसरीला. एका शेडमध्ये अकरा प्रेस धडाडायच्या. तिथं काय कुणाला ऐकू येणार? शेजारचीचं तोंड बघायचं आणि समजून घ्यायचं. आमच्या शेडच्या सगळ्या बायकांना येतं. सुपरवायझर लांबून शिव्या घालायचा, त्याही कळायच्या." झुंबाच्या रांगेतल्या दोन वयस्कर बायकांनी जोरजोरात माना हलवल्या.

ज्योतीराम बायकोकडे बघत राहिले. पण विचार करायला सवड नव्हती, कारण पडद्यावर एसटी स्टँड आला होता. अण्णासाहेबांनी लाल पेन उघडलं. "प्रश्न सहावा. वडील काय म्हणाले?"

मुलं तुटून पडली. पोचलीस की मोबाइल कर. तेव्हा मोबाइल नव्हते रे. मग पत्र टाक. जाऊ नको. जाऊ नको म्हणाले असते तर ती हसली का? छत्री विसरलीस! हे सिद्धेशचं. सगळ्यांना ते एकदम पटलं, मग तनुजानं दाखवलं की छत्री पडद्यावरच्या मुलीच्या मांडीवरच आहे.

"हे सगळं विविध झालं," अण्णासाहेब म्हणाले. "नक्की उत्तर काय? वहिनी, आता तुम्हीच सांगा."

मागच्या रांगा उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांचा प्रश्न. ज्योतीरामांनी तुकडा थोडा मागे घेऊन पुन्हा लावला. कस्तुराबाई पदर सावरून दोन पावलं पुढे आल्या, पडद्याकडे निरखून बघितलं, आणि थांबल्या.

"सांगा की."

"बरं नाही दिसणार."

"वहिनी, कमिटीपुढचा विषय आहे."

"ते म्हणतायत," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, "'मेलो या धुरानं. आणखी किती वेळा गाडी मागं-पुढं घेणार आहे हा? भजी गार झाली तिकडं.'"

अख्खा हॉल हसायला लागला. ती मुलगी का हसते हेसुद्धा त्याच वेळी सगळ्यांना कळलं. ज्योतीरामांना मात्र हसू येईना. चाळीस वर्षं उराशी धरलेल्या वाक्यात भजी निघाली होती. अण्णासाहेबांनी सहाव्या प्रश्नापुढे नीट लिहिलं, 'धूर व भजी', आणि हिरवं पेन काढलं.

"आजोबा, थांबा!" तनुजा ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता. "ते चूक आहे."

"चूक कसं? पुराव्यानिशी आहे."

"ते नट म्हणाला. बाबा नाही म्हणाले. नट शूटिंग संपल्यावर भजी खाऊन घरी गेला. बाबा घरी नाही गेले. बाबा अजून स्टँडवरच आहेत."

हॉलमधलं हसू हळूहळू थांबलं. पडद्यावर तुकडा संपून चित्र गोठलं होतं. रिकामा स्टँड, आणि हात अर्धा वर केलेला बाप. खरंच, तो घरी गेलेला नव्हता.

अण्णासाहेब त्या चित्राकडे आणि आपल्या हातातल्या दोन पेनांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मग या बापाचं उत्तर काय?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ते विचारताना कागदाकडे पाहिलं नाही.

उत्तर मुलांनी दिलं नाही. संघर्ष बोलला, मागे बांधलेले हात तसेच ठेवून. "माझे बाबा म्हनले होते, पोचलास की मिस कॉल दे, उचलणार न्हाई मी. नुसती रिंग वाजली तरी कळंल." मग एका पालकानं सांगितलं की त्याची आई गाडी सुटेपर्यंत फक्त 'खिडकी लाव' म्हणत होती. एक जण साताऱ्याहून आलेला, एक बीडचा, एक सावंतवाडीचा. चाकणच्या कंपन्यांनी कुठून कुठून माणसं आणली होती, आणि प्रत्येकाला कुणीतरी कुठल्यातरी स्टँडवर सोडायला आलेलं होतं. स्वप्नाली मॅडम बूट घातलेल्या पायांवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "माझे पप्पा काहीच बोलले नाहीत. नंतर बॅगेत बघितलं तर भीमसेनी कापराच्या डब्या होत्या, सहा." मुलं आपापल्या आईबापांकडे अशी बघत होती, जणू हे सगळे आत्ताच गाडीतून उतरले आहेत.

"आणि तुमचे वडील, अण्णासाहेब?" हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. ज्योतीराम बोलले होते. घसा बसला नव्हता.

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "ते म्हणाले, तिथं जाऊन जास्त चुका काढत बसू नकोस लोकांच्या."

साडेपाच वाजून गेले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की झुंबा राहिला. अण्णासाहेबांनी प्रश्नपत्रिका पुन्हा उघडली, 'धूर व भजी' खोडलं, वर 'उत्तरे विविध असू शकतात' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि हिरव्या पेनानं सही केली. मराठी वर्ग चार ते पाच, झुंबा पाच ते सहा. फॉर्मचं काय करायचं याबद्दल मात्र नियम बदलता येत नव्हता. वर्ग अजूनही रजिस्टरात शोकसभा म्हणूनच नोंदला जातो. निघताना संघर्षनं सहज टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला आणि कुणाला काही बोलला नाही.

पुढच्या शनिवारी वर्ग संपवून ज्योतीराम घरी आले. त्यांचं घर हॉलच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. कस्तुराबाई गॅलरीत लसूण सोलत होत्या. आठवडाभर ज्योतीरामांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. त्रेचाळीस वर्षांत आपण मनातल्या मनात काय काय बोललो? सासुरवाडीबद्दल. वांग्याच्या भाजीबद्दल. तिच्या भावाच्या स्वभावाबद्दल तर जवळजवळ रोज.

"म्हणजे तुला सगळं कळत होतं?" त्यांनी विचारलं.

"कळत होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोलत होता? नुसते ओठ हलवत होता." त्यांनी एक पाकळी ताटलीत टाकली. "आणि नीट बोलता तेव्हा पेपर धरता तोंडापुढं. कान माझे प्रेसमध्येच गेले अर्धे. तोंड दिसलं नाही तर मला काय कळणार? मी 'काय' म्हटलं की तुम्ही आणखी पेपरात शिरता."

ज्योतीराम हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. दर शनिवारी पंधरा पोरांना ऐकायला शिकवणारा माणूस, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं; पण त्यांनी ते लगेच पुसून टाकलं, कारण ओठ हलले असते. पुस्तक त्यांनी बंद करून खुर्चीवर ठेवलं आणि बायकोच्या समोर स्टुलावर, बरोबर समोर, येऊन बसले.

खाली झुंबा सुरू झाला. काचा थरथरायला लागल्या. त्या दणदणाटात ज्योतीराम कस्तुराबाईंकडे तोंड करून काहीतरी म्हणाले. शेजारच्या गॅलरीत कपडे काढणाऱ्या बाईला ऐकू गेलं नाही. त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

कस्तुराबाईंनी लसूण सोलायचं थांबवलं. "इश्श," त्या म्हणाल्या, "या वयात!" आणि पदर डोळ्यांना लावता लावता हसल्या.

ते काय म्हणाले असतील? उत्तरे विविध असू शकतात.